अडगळीच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांना खुले पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक, महाविद्यालयांचे प्राचार्य, पतसंस्थांचे व्यवस्थापक, सोसायट्यांचे सचिव आणि ग्रामपंचायतींचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली आहे. जडसंग्रह नोंदवही काखेत मारून तुमच्या संस्थेतला कुणीतरी त्या मागच्या खोलीत जाईल, नाकाला रुमाल लावून मोजणी करील, ‘संगणक संच, नादुरुस्त’ असा शेरा मारील आणि कुलूप घालून परत येईल. गेल्या मार्चलाही हेच झालं असणार. त्या खोलीत जे पडून आहे ते विका, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे. आणि जे अजून खोलीत गेलेलं नाही, नव्या खरेदीनंतर जाणार आहे, ते खोलीत न नेताच विका.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. देवगड तालुक्यात माझं दुकान आहे. जुने संगणक, लॅपटॉप, प्रिंटर, सुटे भाग यांची विक्री आणि दुरुस्ती हा माझा धंदा. तुम्ही विकलंत तर मी घेईन आणि त्यावर नफाही खाईन. पण मलाच द्या असं म्हणणं नाही. कणकवली, कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण, सगळीकडे हा धंदा करणारे आहेत. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर तर दुकानाला दुकान लागून आहे. चार ठिकाणी भाव विचारा आणि जो बरा देईल त्याला द्या. माझी तक्रार आहे ती तुम्ही कुणालाच देत नाही याबद्दल.

देशावरच्या एखाद्या कोरड्या गावात संगणक चार वर्षं गुंडाळून ठेवला तर धूळ झटकून बहुधा सुरू होतो. आपल्याकडे तसं होत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात. संगणक वापरात असतो तेव्हा त्याचा पंखा हे कण धुळीबरोबर आत ओढतो आणि ते मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, आणि तिच्यावरच्या पट्ट्यांच्या फटींत बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात इतरही क्षार असतात, ते त्याच्याही आधी ओलावतात. जून ते सप्टेंबर आपली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. पापड डब्यात घालूनही नरम पडतात. त्या दिवसांत बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो, तांब्यावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढतं आणि केसाएवढ्या रेषा खाऊन टाकतं.

मग रोज वापरातला संगणक त्याच गावात आठ-दहा वर्षं कसा टिकतो? तो तापतो म्हणून. आतलं तापमान खोलीपेक्षा जास्त राहतं आणि ओल धरत नाही. तुमच्या कार्यालयातला कुरकुरणारा संगणक धडधाकट असतो, आणि त्याच्याबरोबर घेतलेला त्याचा जुळा भाऊ मागच्या खोलीत दोन पावसाळ्यांत संपतो, यात चमत्कार काही नाही. काही संस्था काळजी म्हणून प्लास्टिकचा कागद गुंडाळून वर सुतळी बांधतात. त्यानं बाहेरचं पाणी अडतं हे खरं, पण आतली ओलही आतच कोंडते. त्यात पॉवर सप्लायच्या डब्यात पाल शिरते, खोक्याला वाळवी लागते, उंदीर वायरी कुरतडतात. लॅपटॉपची गोष्ट आणखी वाईट. पूर्ण उतरलेली लिथियमची बॅटरी महिनोन्महिने तशीच राहिली तर ती पुन्हा चार्ज घेत नाही, कधी फुगते आणि खालून टचपॅड वर उचलते. फुगलेली बॅटरी कुणी दाबू नका, टोचू तर मुळीच नका. ती पेट घेते. लॅपटॉप थोडे दिवस ठेवायचाच असेल तर साधारण निम्मा चार्ज करून ठेवावा.

यूपीएसची बॅटरी मात्र कुठल्याच संस्थेच्या अडगळीत मला कधी सापडत नाही. शिसं विकलं जातं हे सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं.

आता त्या ‘नादुरुस्त’ शेऱ्याबद्दल. तुमच्या नोंदवहीत तो ज्यांच्यापुढे आहे त्यांतल्या बऱ्याच यंत्रांना म्हणावं असं काही झालेलंच नसतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो उतरला की संगणक दर वेळी तारीख विसरतो आणि सुरू होताना एफ-वन दाबा म्हणून अडून बसतो. तारीख चुकली की वेबसाइट उघडत नाहीत, ऑनलाइन माहिती भरता येत नाही, आणि ऑपरेटर वैतागून ‘हा गेला’ म्हणून सांगतो. तो सेल गावातल्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. दुसरा नेहमीचा आजार म्हणजे बटण दाबलं की नुसता बीप वाजतो, पडदा काळाच. दहापैकी बऱ्याच वेळा रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्टीचे सोनेरी दात काळवंडलेले असतात. पट्टी काढायची, दात शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचे, पट्टी परत बसवायची. एवढ्यावर चित्र आलं तर कौतुक माझं करू नका, पण तो शेरा कुणी मारला होता ते जरूर शोधा. तिसरा आजार मंदपणाचा. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातली की तोच संगणक ओळखू येत नाही. हे तीन आजार ओलांडूनही जो उठत नाही त्याला खुशाल नादुरुस्त म्हणा.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की तुमच्या मागच्या खोल्यांमध्ये यंदा मोठी भर पडणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे वाढीव अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे, संस्थांना पैसे भरून त्यापुढेही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१४, १५, १६ साली तुम्ही घेतलेले चांगले दणकट आय-थ्री, आय-फाइव्ह आता नियमाने म्हातारे ठरले. काम करायची ताकद त्यांच्यात भरपूर आहे. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली उत्तम चालते, मराठी टाइप करता येतं, पत्रं-तक्ते होतात, व्हिडिओ बघता येतात. बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या व्यवहारासाठी जुनं विंडोज १० चालू ठेवा असं मी सांगणार नाही, तिथं नवीनच घ्या. पण नवीन आलं त्या आठवड्यात जुनं विका.

ही यंत्रं घेतो कोण, असं मला विचारलं जातं. संगणक टायपिंगची परीक्षा द्यायची असलेली मुलगी घेते, कारण संस्थेतला तासाभराचा सराव तिला पुरत नाही. होमस्टेवाला बुकिंगसाठी घेतो. लग्नपत्रिका छापणारा घेतो. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा घेतो. नव्या संगणकाचे पैसे यांच्याकडे नसतात, किंवा असले तरी त्या कामाला तेवढे घालायचे नसतात. ‘पावसात टिकतलो मां ह्यो?’ एवढंच ते विचारतात. जुने चौकोनी एलसीडी मॉनिटर तुम्ही कवडीमोल समजता; ते सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला (डीव्हीआरला) जोडायला हातोहात जातात, फक्त व्हीजीए केबल सोबत हवी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तर टाकूच नका. पासबुक आणि कार्बनच्या पावत्या छापायला ते अजून लागतात, आणि एका मेलेल्या प्रिंटरचं हेड दुसऱ्याला जिवंत करतं. लॅपटॉपचं बिजागर, एखाद्या विशिष्ट मॉडेलचा कीबोर्ड, डीडीआर-थ्री रॅम, बारीक पिनचा चार्जर, या गोष्टी कुठल्याच नव्या दुकानात मिळत नाहीत. त्या तुमच्या खोलीत आहेत.

न विकण्याचं खरं कारण पैशाचं नसतं, हार्ड डिस्कचं असतं, हे मला माहीत आहे. सभासदांची खाती, मुलांचे दाखले, आधारच्या प्रती, सह्यांचे नमुने, सगळं त्यात असतं. उद्या कुणाच्या हाती लागलं तर? ही भीती रास्त आहे, आणि तिची टर उडवणाऱ्या दुकानदाराला तुम्ही माल देऊ नये. फाइल डिलीट केल्याने जात नाही, रिसायकल बिन रिकामा केल्यानेही नाही. झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तिथंच राहतो आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने परत काढता येतो. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, तेव्हा ही काळजी आता केवळ तुमच्या सद्सद्विवेकावर सोडलेली नाही.

पण या भीतीपायी अख्खा संगणक सडवायचं कारण नाही. डिस्क काढून घ्या आणि बाकीचा संगणक विका! चार स्क्रू आणि दोन केबली, एवढंच काम आहे. डिस्क ऑफिसच्या कपाटात ठेवा, नाहीतर ड्रिलने तिला आरपार भोकं पाडा, तुमचं तुम्ही ठरवा. डिस्क नसलेल्या संगणकाचा भाव फार पडत नाही, कारण घेणारा तसाही एसएसडी घालूनच पुढे विकतो. लॅपटॉपमधून डिस्क काढताना मात्र तिच्याभोवतीचा पत्र्याचा ट्रे आणि जोडणीची छोटी पट्टी लॅपटॉपमध्येच राहू द्या. ती हरवली की त्या मॉडेलची दुसरी शोधताना जीव जातो.

डिस्क पुसूनच द्यायची असेल तर फिरत्या डिस्कवर सगळीकडे एकदा नवा मजकूर लिहून घेतला की पुरतं. सात-सात वेळा पुसायची गरज आजच्या डिस्कना नाही. विंडोजमध्ये रिसेट करताना ‘ड्राइव्ह साफ करा’ असा पर्याय येतो, तो निवडा. वेळ खूप लागतो, संध्याकाळी लावून ठेवा आणि सकाळी या, अर्थात महावितरणने साथ दिली तर. एसएसडीचं तंत्र वेगळं, तिला बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामने सिक्युअर इरेज, म्हणजे कायमचं पुसणं, करावं लागतं. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच चिकटवलेली असते, ती काढता येत नाही. तो लॅपटॉप पुसल्याशिवाय देऊ नका. आणि एक गोष्ट जी जवळजवळ कुणाच्याच लक्षात येत नाही ती म्हणजे झेरॉक्स. मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्येही बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि तीत स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. संगणकाची डिस्क कुलपात ठेवायची आणि झेरॉक्स मशीन भंगारात घालायचं, हा प्रकार मी पाहिलेला आहे.

पासवर्डचंही बघा. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड टाकणारा ऑपरेटर नोकरी सोडून मुंबईला गेला आणि मागे राहिलेलं यंत्र कुणालाच उघडत नाही, असे लॅपटॉप माझ्या फळीवर धूळ खात पडलेत. तो माणूस संस्थेत असतानाच पासवर्ड काढून घ्यावा.

विकायचं ठरलं की पुढची चूक विकण्याच्या पद्धतीत होते. जाहिरात निघते: लोखंडी कपाटं, मोडकी बाकं, पंखे, संगणक, सगळं एकगठ्ठा, आहे त्या स्थितीत, जास्तीत जास्त बोलीला. असा गठ्ठा माझ्यासारखा घेऊच शकत नाही, बाकांचं मी काय करणार? मग तो घेणारा वजनावर घेतो. चालू संगणकाची किंमत हजारांत असते आणि भंगारातल्याची किलोवर. पुढं त्या मालाचं काय होतं तेही तुम्ही बघत नाही. तांब्यासाठी वायरी जाळतात, वरच्या पीव्हीसीचा विषारी धूर गावात पसरतो. जुन्या टीव्हीसारख्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ती काच फुटून कुठल्यातरी पऱ्ह्याच्या कडेला पडते आणि पावसाबरोबर खाडीत जाते. त्या खाडीतले कालवं-तिसऱ्या आपण खातो.

म्हणून आधी वर्गवारी करा. चालू यंत्रं वेगळी, दुरुस्त होतील अशी वेगळी, आणि खरोखर मेलेली वेगळी. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ज्यांच्याकडे वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं असतात त्यांना त्यात मोठे ग्राहक धरलं आहे. तुमच्यातली बहुतेक मंडळी त्यात बसणार नाहीत. तरी मेलेला माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावा, यासाठी मोठं असावं लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्यांची नोंदणी होते. कचरा म्हणजे काय तेही नियमात लिहिलंय: टाकाऊ म्हणून काढून टाकलेली उपकरणं. पुन्हा वापरासाठी बिल करून विकलेला चालू संगणक हा कचरा नव्हे, मग त्याला कचऱ्याच्या गठ्ठ्यात घालायची घाई का? ज्यांना निर्लेखनासाठी, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्यासाठी, वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते त्यांची अडचण मी जाणतो. पण प्रस्ताव यंत्र चालू असताना गेला तर मंजुरी येईपर्यंत ते निदान दुरुस्त होण्यासारखं तरी राहतं. आणि मंजुरी येईपर्यंत ते खोलीत टाकू नका. वाचनालयात लावा, मुलांना वापरू द्या, आठवड्यातून दोन-तीनदा तासभर तरी चालू ठेवा.

पुराचा माल हा वेगळा विषय आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवसांत महाडलाही तसंच झालं. अशा पाण्यात बसलेला संगणक धुऊन-वाळवून कधी सुरू होतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. उष्णता काढणाऱ्या पात्यांच्या तळाशी बारीक गाळ आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गंज दिसला की आम्हाला कळतंच. तेव्हा पाण्यात गेलेलं यंत्र असेल तर तसं सांगूनच विका. सुट्या भागांसाठी तेही घेतात, भाव मात्र त्या हिशेबानेच मिळेल.

मुंबईकरांसाठीही दोन ओळी, कारण हे पत्र गणपतीपर्यंत फिरत त्यांच्याकडे जाईलच. गावच्या शाळेला जुना संगणक देता, चांगलं आहे. पण चार्जर, पॉवर केबल आणि पासवर्ड हे त्या दानाचे भाग आहेत. ते नसतील तर तुम्ही शाळेच्या मागच्या खोलीत एक नग वाढवला, बाकी काही नाही. चालत नसलेला तर देऊच नका. मुख्याध्यापकांना तो नोंदवहीत चढवावा लागतो आणि मग उतरवता येत नाही.

आता कामाचं. मला किंवा कुणालाही भाव विचारताना ‘दहा जुने संगणक आहेत’ एवढं कळवून भागत नाही. प्रोसेसर कुठला, रॅम किती, कधी घेतला, डिस्क आहे की काढली, सुरू होतो का, पाण्यात गेला होता का, हे प्रत्येक नगापुढे लिहा. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवलात तरी चालेल. घेणाऱ्याकडून अनुक्रमांकासकट पावती घ्या आणि पैसे संस्थेच्या खात्यावर घ्या, रोखीने नको. उद्या लेखापरीक्षक विचारतील तेव्हा तो कागद तुमच्याच कामाला येईल. भाव पटला नाही तर देऊ नका, पण दुसऱ्याला विचारा.

आणि हे मार्च संपायच्या आत करा. एप्रिल लागला की आमच्याकडचे सगळे टेम्पो आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला पळतात, संगणक उचलायला गाडी मिळत नाही. ते मोकळे होतात तेव्हा मे संपलेला असतो, आणि उघड्या टेम्पोतून संगणक न्यायचे ते दिवस नव्हेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
देवगड तालुक्यातला एक जुने संगणक विकणारा